उंबऱ्याबाहेरचे बूट

आठवणी म्हातारपणी लिहाव्यात अशी आपल्याकडे रीत आहे. माझं वय अजून तेवढं झालेलं नाही, पण माझे गुडघे आणि कंबर माझ्याआधीच म्हातारे होऊन बसलेत. सकाळी खाटेवरून उठताना त्यांची कुरकुर ऐकली तर कोणीही म्हणेल, हिनं आता लिहायला घ्यावं. म्हणून घेतलंय. दुपारी शिलाईचं काम जरा थंडावतं, तेव्हा मशीनवरचं कापड बाजूला सारते आणि लिहिते. आई मधूनमधून विचारते, काय लिहितीस एवढं? मी सांगते, तुझे बूट. मग ती शेंगा फोडत राहते.

माझ्या जन्माची गोष्ट घरात कोणी सरळ सांगितलीच नाही. कोणी म्हणायचं बाळ रडलं नाही, कोणी म्हणायचं उशिरा रडलं. मला एवढंच कळलं की डोकं, हात, जीभ सगळं ठीक राहिलं आणि पायांपर्यंत काहीतरी पोचायचं राहून गेलं. जीभ तर जरा जास्तच ठीक राहिली असं दादा म्हणायचे. दादा म्हणजे माझे वडील. पाय दिसायला चांगले होते, पण ताठ. टाच जमिनीला लागायची नाही. धरून उभं केलं की मी चवड्यांवर उभी राहायचे, फळीवरचा डबा काढताना बायका टाचा उचलतात तशी. त्यांचा डबा हाती येतो आणि टाचा खाली टेकतात. माझ्या वरच राहायच्या.

आमची वस्ती सोनईपासून थोडी आत, कालव्याच्या कडेला. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीला पायऱ्या, अंगणात लिंब आणि पलीकडे गोठा. ऊस, कांदा, म्हशी, म्हणजे खाऊनपिऊन बरं चाललेलं घर. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा भोंगा वस्तीवर ऐकू यायचा आणि मळीचा आंबूस वास पार पांघरुणात शिरायचा. पहाटेचा भोंगा झाला की आई उठायची. आधी चूल, मग म्हशी, आणि या दोन्हींच्या मधे माझे पाय. तेल कोमट करून ती पोटऱ्या चोळायची. मग एका हातानं टाच धरायची आणि दुसऱ्या हातानं चवडा वर रेटायची, दुधाच्या टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत. भिंतीवर घड्याळ होतं, पण माझ्या पायांचं घड्याळ तो टेम्पोवाला होता. तो उशिरा आला की मी पांघरुणात तोंड घालून त्याला शिव्या घालायचे. त्या बिचाऱ्याला आजवर पत्ता नाही.

येणारेजाणारे सल्ले द्यायचेच. शिंगणापूर आमच्यापासून जवळ, त्यामुळे सगळ्यांचा पहिला सल्ला शनिवारी तेल वाहा हा असायचा. दादा शनिवारी तिकडे तेल वाहून यायचे आणि बाकीचे दिवस आई माझ्या पायांना तेल लावायची. घरात भाजीला फोडणी बेताची आणि तेलाची बुधली मात्र सारखी रिकामी. दादा एकदा म्हणाले, "देवाचं आन् हिचं तेल वेगळं आनू का आता?" आई हसली नाही. माझ्या पायांवरून केलेल्या थट्टेला ती कधीच हसत नसे, मी स्वतः केली तरी नाही.

तालुक्याला एका शाळेच्या आवारात खोली होती. तिथे आठवड्यातून एका वारी व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम यायच्या. अख्ख्या तालुक्याला त्या एकट्या. दादा आम्हाला एम-एटीवर सोनईच्या स्टँडवर सोडायचे आणि तिथून पुढे एसटी. आई मला कडेवर घ्यायची. मी तेव्हा चांगली मोठी होते, माझे पाय तिच्या गुडघ्यांवर आपटायचे. त्या दिवशी अमावस्या आली तर दर्शनाच्या गर्दीनं गाड्या भरून जायच्या आणि आम्ही दोघी मागच्या दारात लोंबत. एकदा कंडक्टर म्हणाला, "एवढी घोडी कडंवर कशाला घेतली? उतरव की खाली." आई म्हणाली, "उतरवते. तुमी चालवून दाखवा." पुढचा सगळा रस्ता तो आमच्याकडे बघेना.

मॅडम बारीक अंगाच्या, बोलायला भराभर, आणि घाईत असूनही मुलांशी नीट वागणाऱ्या. त्यांनी माझा पाय हातात घेतला, दुमडला, सोडला आणि आईला म्हणाल्या, "ताई, सगळा खेळ टाचेचा आहे. टाच टेकली तर ही स्वतःच्या पायांनी शाळेत जाईल. आता वाढीच्या वयात टेकवली पाहिजे, नंतर शीर आखडली की काही खरं नाही." आईनं हे वाक्य तिथल्या तिथे पाठ केलं. घरी येऊन तिनं ते दादांना सांगितलं, शेजारच्या वस्तीवर सांगितलं, म्हशीचं दूध काढताना स्वतःशी सांगितलं. तेव्हापासून माझी टाच ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली. माझा रिझल्ट, उसाची तोड, मामाचं लग्न, सगळं त्या टाचेच्या मागे.

मॅडमनी हातांच्या बोटांसाठीही व्यायाम सांगितला होता, पीठ मळायला द्या, वळायला द्या. आई सांगितलेलं सोडणारी बाई नव्हे. तिनं हुलग्याचं पीठ मळून माझ्यापुढे परात ठेवली आणि शेंगोळे वळायला लावले. माझे पहिले शेंगोळे अंगठ्याएवढे जाड आणि मधे तुटलेले. तरी ते लसणाच्या खमंग पाण्यात शिजायचे आणि ताटात यायचे. आज शेंगोळे, उद्या शेंगोळे. शेवटी दादा म्हणाले, "पोरीचे हात सुधारले गं, पन माजं पोट बिघडलं." आज माझ्या हातचा काजाचा टाका बघून बाया विचारतात, कुठे शिकलीस? काय सांगू? हुलग्याच्या परातीत शिकले.

मग बुटांची गोष्ट निघाली. मॅडम म्हणाल्या, पायाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या असलेले बूट लागतील, म्हणजे टाच खाली धरून राहील. त्यासाठी नगरला शिबिर असतं, तिथे माप घेतात. आम्ही नगरला गेलो. मंडपात उन्हातान्हात बसलेल्या आया, त्यांच्या मांडीवर वेडीवाकडी झोपलेली पोरं, आणि पुढच्या रांगेत हार घातलेली माणसं. भाषणं झाली, मग मापं झाली. बूट पुढच्या शिबिरात मिळतील असं सांगितलं. पुढचं शिबिर कधी, ते मात्र कोणाला माहीत नव्हतं. मी आता मापाचंच काम करते. बाईचं माप घेऊन मी ब्लाऊज आठवडाभर उशिरा दिला तरी ती माझ्या दारात येऊन कंबरेवर हात ठेवते. आणि वाढत्या पोराच्या पायाचं माप घेऊन बूट पुढच्या वर्षी देणाऱ्यांना आम्ही उठून नमस्कार करायचो. 

माझे बूट आले ते मॅडमनी शहाणपणानं थोडं मोठं माप लिहायला लावलं होतं म्हणून मला बसले. काळं जाड कातडं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, पोटरीला आवळायचे पट्टे आणि बकला. ते घेऊन गेलो त्या दिवशी तालुक्याच्या खोलीत मॅडमनी स्वतः मला ते चढवले आणि आरशासमोर उभं केलं. माझी टाच खाली होती. आई आरशात बघत राहिली, माझ्याकडे नाही, आरशातल्या टाचेकडे. मॅडम म्हणाल्या, "दिवसभर घालायचे हं. झोपताना तेवढे काढायचे." आई म्हणाली, "व्हय मॅडम, दिवसभर." दोघींनी माना डोलावल्या. दोघींना वाटलं, झालं बोलणं. पुढे माझ्या पायांचं जे काही झालं ते या एवढ्या बोलण्यात झालं.

कारण आमच्याकडे दिवसभर पायात घालायची वस्तू म्हणजे घराबाहेर घालायची वस्तू. चप्पल पायरीखाली काढायची हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं, ते श्वास घेण्यासारखं होऊन जातं. आतल्या खोलीत एका भिंतीला चूल आणि तिच्याच बाजूला देवांचा कोनाडा, खाली शेणानं सारवलेली जमीन. तिथे बूट? आईच्या मनात तो विचार आलाही नाही. मनात येऊन तिनं नाही म्हटलं असतं तर आज मी तिच्याशी भांडले असते. पण आलाच नाही. आणि मॅडमच्या मनात हे आलं नाही की सांगायला हवं. आता माझा दिवस कुठे जायचा ते बघा. चालता न येणारं पोर दिवसभर घरात असतं. मी चुलीपाशी, ओसरीवर, खाटेवर. शाळेत दादा एम-एटीवर नेऊन वर्गात बसवायचे, तर तिथेही बूट वर्गाच्या दाराबाहेर, बाकीच्या चपलांच्या ओळीत. बाहेर जे काय जायचं ते सकाळी लिंबापर्यंत आणि संध्याकाळी गोठ्यापर्यंत. तेवढ्यापुरते आई बूट चढवायची. परत आलं की पायरीवर बसवून काढायची, फडक्यानं तळ पुसायची, कातड्याला खोबरेल लावायची आणि दादांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून फळीवर ठेवायची. "एवढ्या खेपा घातल्या तवा भेटलेत," ती म्हणायची. "घासून गेले तर दुसरे कवा मिळायचे?"

दुसरे मिळण्याची आशा तर लवकरच मावळली. एका वारी आम्ही गेलो तर खोलीला कुलूप. शिपायानं सांगितलं, मॅडमची मुदत संपली, नवीन ऑर्डर निघाली की येतील. पुढच्या आठवड्यात कुलूप, त्याच्या पुढच्या आठवड्यातही कुलूप. फोन करून जावं तर करायचा कुणाला? माझ्यासारखी आणखी तीनचार पोरं घेऊन आयाही तिथे यायच्या. एकदा आई पायऱ्यांवर बसली, म्हणाली, "आलोय तर पोरीचे पाय तरी चोळून घेते," आणि तिथेच व्हरांड्यात सतरंजीचा तुकडा अंथरून तिनं माझा व्यायाम सुरू केला. ते बघून बाकीच्यांनीही आपापली पोरं खाली घेतली. मग तो रिवाजच झाला. कुलूपबंद दारासमोर ओळीनं झोपवलेली पोरं आणि त्यांच्या टाचा रेटणाऱ्या आया. एकीला आठवत नसेल ते दुसरी सांगायची, दुसरीला चुकीचं आठवत असेल तर दोघी चुकीचं करायच्या. आई तिथली हुशार. बुटाला खोबरेल लावलं की कातडं वर्षानुवर्षं टिकतं, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं. शाळेतले गुरुजी येताजाता बघायचे. एकदा एक जण म्हणाले, "घरी करा की हे." आई म्हणाली, "घरी रोज करतेच, गुरुजी. हितं येऊन करते म्हंजी कुनाला तरी दिसंल." दिसलं कोणालाच नाही. हळूहळू बाकीच्या आया यायच्या बंद झाल्या, मग आम्हीही.

पाय मात्र वाढत होते. हाडं लांब होत होती आणि मागची शीर तिथेच होती. आईचे हात रोज रेटायचे, पण रोज थोडं कमी वर जायचं. तिला ते हाताला कळत असणार. ती नुसती जास्त जोर लावायची. बूट चढवताना आता मला अंगठा आत वळवावा लागायचा. मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं की नगरला शिबिर आहे, बाहेरून मोठे डॉक्टर येणार आहेत. आईनं आदल्या संध्याकाळी बूट खाली काढले, पुसले, तेल लावलं, बकला राखेनं घासून लखलखीत केल्या. बूट कसे ठेवलेत हे बघून डॉक्टर दुसरे लगेच देतील अशी तिची खात्री होती. सोबत बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून घेतला. रांगेत नंबर जवळ आला तसे तिनं मला बूट चढवले आणि पदरानं पुन्हा एकदा पुसले.

डॉक्टर मधल्या वयाचे होते. मागे पांढरे कोट घातलेली शिकाऊ मुलंमुली उभी होती. त्यांनी माझा पाय उचलला, बूट काढला, चवडा रेटून बघितला, तो हललाच नाही. मग त्यांनी बूट हातात घेतला आणि उलटा केला. तळ बघितला. मग तो बूट तसाच उलटा मागच्या पोरांना दाखवला. "बघा. इतकी वर्षं झाली बूट देऊन आणि सोल नवाकोरा. हे शिका. पेशंट कधी मागे पडत नाही, पालक मागे पाडतात." मग आईकडे वळून म्हणाले, "बाई, हे शोकेसमध्ये ठेवायला दिले होते का?"

आई आधी हसली होती. तिला वाटलं होतं बुटांचं कौतुक चाललंय. तिनं सांगितलं, "न्हाई साहेब, रोज घालते. रोज पुसून ठेवते. लई जपलेत." मागची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला तेव्हा पुरतं काही कळलं नव्हतं, पण आईवर काहीतरी आलंय एवढं कळलं, आणि माझी जीभ सुटली. मी म्हणाले, "रोजच घालते मी. अंगणात घालते. घरात कसे घालणार? घरात चपला नाही घालत आम्ही."

डॉक्टर हसले. "अगं, ह्या चपला आहेत का? हे औषध आहे. घरातच घालायचे असतात, दिवसभर."

"घरात?" आई म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "चुलीपुढं? देवापुढं?"

कोणीतरी खुदकन हसलं. मग बरेच जण हसले. वाईट हेतूनं नसतील हसले, दुपारची वेळ, रांग लांब, सगळे कंटाळलेले. पण मी त्यांना माफ केलेलं नाही आणि आता या वयात करणार नाही. आईनं टेबलाची कड धरली. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, त्या उलट्या बुटाकडे बघत होती. तिनं इतकी वर्षं ज्या तळाची माती पुसून काढली तोच तळ तिच्यावर उलटला होता. ती म्हणाली, "मला कुनी सांगितलं न्हाई, साहेब. एवडंच सांगायचं हुतं. मी देव बाहेर नेऊन ठिवले असते."

डॉक्टरांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. ते म्हणाले, आता बुटानं काही होणार नाही, ऑपरेशनचं बघा, पुण्याला. नवीन माप घेतलं नाही. पुढच्या मुलाला बोलावलं. भाकरीचं फडकं आम्ही तसंच न सोडता परत आणलं.

घरी पोचलो तेव्हा दादा चुलीपुढे जेवत होते. आईनं मला पायरीवर बसवलं. मला वाटलं बूट काढणार. तिनं पट्टे आणखी आवळले, काखेत हात घालून मला उभं केलं आणि बुटांसकट उंबऱ्यावरून आत घेतलं. तिनं दुपारी सारवून ठेवायला शेजारणीला सांगितलं होतं, जमीन अजून ओलसर होती. माझ्या बुटांचे ठसे त्या सारवणात उमटत चुलीपर्यंत गेले, मग कोनाड्यापर्यंत. दादा ताटावरून बघत राहिले. "ह्ये काय?" ते म्हणाले. आई म्हणाली, "ह्ये औषध हाय. घरात घ्यायचं असतं." आणि मग ती रडली, उभ्यानंच, मला धरून. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दादांनी ताट बाजूला सरकवलं, उठले आणि दुसऱ्या बाजूनं मला धरलं.

त्यानंतर मी ते बूट घरभर घातले, पण थोडेच दिवस. पायाला फोड आले, फुटले, चिघळले, आणि मग पाय आत जाईनाच. पुण्यालाही गेलो. तिथले डॉक्टर खरंच भले होते. त्यांनी सगळं बघितलं आणि विचारलं, ऑपरेशननंतर कित्येक महिने रोज व्यायाम लागतो, शिकलेल्या माणसाकडून, तुमच्याकडे तशी सोय आहे का? आई म्हणाली, खोली हाय, पन कुलूप हाय.  मग डॉक्टर म्हणाले, सोय नसेल तर कापून उपयोग नाही, उलट आहे ते जाईल, ती सोय झाली की या. ती अजून व्हायची आहे. मधल्या काळात तालुक्याच्या त्या खोलीला नवा रंग लागला, आमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं, सगळ्या पाट्या पुन्हा रंगवून झाल्या. माझी टाच होती तिथेच आहे. काठी धरून चवड्यांवर चालते मी, घरातल्या घरात आणि अंगणापर्यंत. त्याच चालण्यानं गुडघे गेले, गुडघ्यांनी कंबर नेली. सोनईच्या हायस्कुलात मी स्वतःच्या पायांनी कधीच गेले नाही.

बूट आईनं टाकले नाहीत. दसऱ्याला आपल्याकडे अवजारं पुजतात. विळे, कोयते, खुरपी, आता माझं शिलाई मशीन, अशी ओळ लागते. त्या ओळीत दरवर्षी ते बूटही असतात. आई त्यांना खोबरेल लावते, हळदकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते, देवांच्या कोनाड्यासमोर, घरात. पहिल्यांदा दादा काहीतरी बोलायला गेले होते, मग त्यांनीच नारळ फोडला. दादा आता नाहीत. घराला फरशी आली, गॅस आला. बूट तसेच, मऊ, काळे, लखलखीत.

हे सगळं लिहायला बसले ते खरं तर कविता येऊन गेली म्हणून. कविता पलीकडच्या वस्तीवरची सून, ब्लाऊज शिवायला येते. तिची मुलगी परी माझ्यासारखीच आहे, तशीच चवड्यांवर उभी राहते. परवा खाटेला धरून उभी होती. मी विचारलं, बुटांचं काय झालं? कविता म्हणाली, "माप घेऊन लई दिस झाले, ताई. मोबाईलवर मेसेज येईल म्हनले. रोज बगते. रिचार्जचे येत्यात, लोनचे येत्यात, त्यो एक येत न्हाई. सेंटरवरच्या मॅडमची बदली झाली म्हनं."

"दुसऱ्या कुणी आल्या का?"

"न्हाई. तवर काय करू सांगा?"

 आई उठली. आत गेली आणि उपरण्यात गुंडाळलेले बूट घेऊन आली. मी म्हणाले, आई, असं करू नये. दुसऱ्याच्या मापाचा बूट पायाला घालू नये, हे मला कळतं, मापाचंच खाते मी. पाय आणखी बिघडेल. आई म्हणाली, "मेसेज येईस्तवर किती बिघडंल, त्ये सांग."  ती पायरीवर बसली, परीला मांडीवर घेतलं आणि बकला सोडल्या. कातडं कुठे तडकलं नव्हतं. पाय सहज आत गेला. जसं काही माप तिचंच घेतलं होतं.

आईचा चेहरा उजळला. "बग गं, कसे बसले! नवेकोरे हायती." ती कविताकडे बघून हसत होती, आणि मला संतापानं रडू आलं. माझ्या लहानपणी माझ्यासाठी आलेले बूट आज दुसऱ्या पोरीला नवे म्हणून बसतात आणि त्याहून बरं तिला देण्यासारखं या जिल्ह्यात आज कोणापाशी काही नाही. यात आनंद कशाचा मानायचा? आईला बोलायचं होतं मला. मग तिचे हात दिसले.

मी चहा टाकते म्हटलं, आत या. कविता परीला धरून पायऱ्या चढली. उंबऱ्यापाशी आली आणि सवयीनं खाली वाकली, पोरीच्या पायातल्या बकला काढायला.

आईनं तिचा हात धरला. इतका घट्ट की कविता दचकली.

"हात लावू नगंस," आई म्हणाली. "तशीच येऊ दे आत."